हद्दपाराच्या गावात : दापितान

फिलिपिन्स हा देश आपल्या वस्त्यांतून तसा दूरचा. पण ज्यांच्या घरातील कुणी जहाजावर नोकरीला आहे, कुणी कुवेत-दुबईच्या इस्पितळात आहे, त्यांना फिलिपिनो माणूस नवा नाही. समुद्रावर आपले खलाशी आणि त्यांचे खलाशी एकाच इंजिनरूममध्ये घाम गाळतात आणि एकाच मेसमध्ये जेवतात. ते आपल्या तिखटाने डोळे पुसतात आणि आपण त्यांच्या आंबवलेल्या मासळीच्या वासाने नाक धरतो. मी अशीच बरीच वर्षे समुद्रावर काढली. माझ्यासोबत फिटर म्हणून काम केलेला एक फिलिपिनो मित्र निवृत्त होऊन आपल्या गावी, दापितानला, स्थायिक झाला. “एकदा येऊन आमच्या रिझालचे घर पाहून जा,” असा त्याचा आग्रह होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो योग आला.

वाचकहो, दापितान हे दक्षिण फिलिपिन्समधील मिंदानाओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचे, सांबोआंगा देल नोर्ते प्रांतातील छोटे शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८५ हजार. १९६३ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला, पण आपल्या नजरेला ते तालुक्याचे गावच वाटेल. मनिलाहून विमान उतरते ते शेजारच्या दिपोलोगला. तिथून जीपनी किंवा बसने अर्धा-पाऊण तास. समुद्रमार्गे यायचे तर दुमागेते बंदरातून बोट सुटते आणि दापितानच्या पुलाउआन धक्क्याला लागते. व्हिसाचे म्हणाल, तर २०२५ च्या जूनमध्ये फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत विनाव्हिसा प्रवेशाची सवलत दिली. निघण्यापूर्वी चौकशी मात्र अवश्य करावी.

मिंदानाओ म्हटले की घरचे घाबरतात. बाँबस्फोट, अपहरण, २०१७ सालची मारावी शहरातील लढाई या बातम्या आपल्यापर्यंत येतात. भीती अगदीच खोटी नाही, पण मिंदानाओ हे बेट मोठे आहे आणि मारावी दापितानपासून बरीच दूर आहे. मी पाहिलेले दापितान म्हणजे शाळा सुटल्यावर समुद्रकाठच्या रस्त्यावर सायकली फिरवणारी मुले आणि नारळाच्या झाडाखाली पत्ते खेळणारे म्हातारे. मोटारसायकलला बाजूची बैठक जोडलेली ‘ट्रायसिकल’ हीच तिथली रिक्षा. गावात कुठेही जायला तीच पुरते.

समुद्रातून आलेला कैदी

या छोट्या गावाला साऱ्या देशात मान आहे तो डॉ. होसे रिझाल यांच्यामुळे. रिझाल म्हणजे फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष. दिल्लीत चाणक्यपुरीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण आपल्याकडे त्यांची माहिती फार थोड्यांना असते. जन्म १९ जून १८६१, मनिलाजवळच्या कलाम्बा गावी. तिथली जमीन डोमिनिकन मठाची आणि रिझाल यांचे वडील तिचे खंडकरी. पुढे खंडावरून वाद पेटला आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्या कुटुंबाला व गावातील इतर अनेकांना घरातून बाहेर काढण्यात आले. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर झाले, युरोपात शिकले आणि त्यांनी स्पॅनिश भाषेत दोन कादंबऱ्या लिहिल्या : ‘नोली मे तांखेरे’ (१८८७) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१). धर्माच्या नावाने जमीन, शाळा आणि माणसाचे मन ताब्यात ठेवणाऱ्या स्पॅनिश मठवासी पाद्र्यांवर त्यांनी त्यात बोट ठेवले. पुस्तकांवर बंदी आली.

‘नोली मे तांखेरे’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मला स्पर्श करू नका’. तो बायबलमधून घेतलेला आहे आणि समाजाच्या अशा दुखण्याला उद्देशून आहे की ज्याला हात लावला तरी कळ उठते. आपल्या माणसाच्या कानाला मात्र हे शब्द वेगळेच ऐकू येतात. मित्राला ते समजावून सांगताना मला बराच वेळ लागला.

१८९२ च्या जूनअखेरीस रिझाल मायदेशी परतले आणि काही दिवसांतच त्यांना पकडण्यात आले. बहिणीच्या सामानात पाद्र्यांविरुद्धची पत्रके सापडल्याचा आरोप होता. १७ जुलै १८९२ च्या संध्याकाळी ‘सेबू’ नावाच्या आगबोटीने त्यांना दापितानच्या सांता क्रूझ किनाऱ्यावर उतरवले. आज त्या ठिकाणी स्मारक आहे. पाद्र्यांनी अट घातली होती : धर्माविरुद्ध केलेल्या चुका जाहीरपणे कबूल करा, मग आमच्या मठात राहा. रिझाल यांनी ती मानली नाही. मग ते लष्करी अधिकारी कॅप्टन कार्निसेरो यांच्या देखरेखीखाली सरकारी घरात राहिले. ज्याला पहारेकरी नेमले होते, तोच अधिकारी पुढे त्यांचा मित्र झाला.

त्याच सप्टेंबरमध्ये एक गमतीची गोष्ट घडली. कार्निसेरो, दिपोलोगचा एक स्पॅनिश रहिवासी आणि रिझाल अशा तिघांनी मिळून घेतलेल्या मनिलाच्या सरकारी लॉटरीच्या तिकिटाला दुसरे बक्षीस लागले, वीस हजार पेसो! रिझाल यांच्या वाट्याला ६,२०० पेसो आले. त्यातले २,००० त्यांनी वडिलांना पाठवले आणि उरलेल्या पैशातून गावाबाहेर तालिसाय येथे समुद्रकाठची जमीन घेतली. (लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या आपल्या बांधवांनी यावरून धडा घेऊ नये ही विनंती. तिकिटे हजारोंनी घेतली होती, लागली मोजक्यांनाच.)

बांबूच्या नळाचे पाणी

तालिसायची ती जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे. टेकडी, गर्द झाडी, खाली निळा समुद्र. बांबू आणि निपा पामच्या पानांनी शाकारलेली घरे जुन्या नमुन्याप्रमाणे पुन्हा उभारली आहेत. राहते घर, स्वयंपाकघर, रोग्यांसाठीच्या खोल्या, मुलांचे अष्टकोनी घर, इतकेच काय कोंबड्यांचे खुराडेदेखील सहा कोनांचे! आपल्या कोकणातल्या गवताने शाकारलेल्या घराची आठवण होते. माणूस वाकून आत जातो आणि आत गेल्यावर गार वाटते.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते ओढ्यावरच्या लहानशा दगडी बंधाऱ्याजवळ. रिझाल यांनी डोंगरातला झरा अडवून बांबूच्या आणि मातीच्या नळांतून पाणी खाली आणले. हाताशी सिमेंट नव्हते, लोखंडी नळ नव्हते, सरकारची मदत नव्हती. गावासाठीही त्यांनी अशीच पाण्याची योजना केली. ती कल्पना आणि मोजमाप त्यांचे, पण दगड वाहिले, बांबू पोखरले ते त्यांच्या शाळेतल्या मुलांनी आणि गावकऱ्यांनी. बंधाऱ्याच्या कडेला बसून पाण्यात हात घातला. पाण्यासाठी लढावे लागलेल्या समाजात जन्मलेल्या माणसाला असे चार दगडही साधे दिसत नाहीत, हे काय वेगळे सांगायला हवे?

एका श्रीमंत इंग्रज रोग्याने शस्त्रक्रियेचे ५०० पेसो दिले, ते रिझाल यांनी गावच्या रस्त्यावर खोबरेल तेलाचे दिवे लावण्यासाठी खर्च केले असे सांगतात. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. ज्याला जमेल त्याने कोंबडी, अंडी, फळे द्यावीत. मनिला-हाँगकाँगपर्यंत त्यांच्या डोळ्यांच्या हातगुणाची कीर्ती होती. १८९३ साली त्यांची आई तेओदोरा मुलाकडे आली आणि त्याने तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आईने ऐकले नाही. पट्टी वेळेआधीच काढली आणि डोळा सुजला! पुढे बरी झाली. मोतीबिंदू काढल्यावर आपल्या घरातल्या आज्या जे करतात तेच. राष्ट्रपुरुषाची आई झाली म्हणून काय झाले?

गावच्या चौकात, सेंट जेम्सच्या चर्चसमोर, मिंदानाओ बेटाचा जमिनीवर केलेला मोठा उठावाचा नकाशा आहे. रिझाल आणि त्यांचे जुने शिक्षक फादर सांचेझ यांनी १८९२ साली तो माती-दगडांचा बनवला, मुलांना भूगोल समजावा म्हणून. आज त्यावर गवत वाढवून तो नीट राखला आहे. डोंगर कुठे, नदी कुठे, हे मुले त्याच्या कडेने फिरून शिकत. माझ्यासमोर दोन शाळकरी मुली कठड्यावरून वाकून आपले गाव शोधत होत्या.

फी नाही, काम आहे

रिझाल यांची शाळा १८९३ मध्ये तीन मुलांवर सुरू झाली. मग सोळा झाली, पुढे एकवीस. फी नव्हती. त्याऐवजी मुले बागेत, शेतात, बांधकामावर काम करत. दुपारी स्पॅनिश, इंग्रजी, गणित, भूगोल. मग पोहणे, होडी चालवणे, कुस्ती. जंगलात जाऊन किडे, शंख, सरडे गोळा करणे हाही अभ्यासच. रिझाल हे नमुने जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयाला पाठवत आणि बदल्यात पुस्तके व शस्त्रक्रियेची हत्यारे मागवत. एका उडत्या सरड्याला, एका बेडकाला आणि एका भुंग्याला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे.

इथे मला एक शंका आली आणि ती मी मित्राजवळ बोलून दाखवली. मुलांच्या श्रमातून रिझाल यांची बाग फुलली, इस्टेट वाढली, त्याचे काय? मित्र आधी थोडा चिडला. मग म्हणाला, “त्या गरीब मुलांना दुसऱ्या कोणत्या शाळेत घेतले असते?” मुद्दा बरोबर होता, पण माझीही शंका अगदी चुकीची नव्हती असे मला अजून वाटते. रिझाल सुखवस्तू, शिकलेल्या घरातले होते, जमीनदारीचे संस्कार त्यांच्यावरही असणार. मात्र १८९५ साली त्यांनी दापितानच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली, मासेमारांना चांगली जाळी वापरायला लावली आणि विटा पाडण्याचे लाकडी यंत्र केले, हेही तितकेच खरे. मोठ्या माणसाला चारही बाजूंनी पाहावे. देव्हाऱ्यात बसवला की तीन बाजू दिसेनाशा होतात.

आणखी एक गोष्ट. दापितानच्या आजूबाजूच्या डोंगरात सुबानेन ही आदिवासी जमात राहते. ‘सुबा’ म्हणजे नदी, सुबानेन म्हणजे नदीकाठची माणसे. समुद्रकिनाऱ्यावर वस्ती वाढत गेली तशी ती डोंगरात सरकत गेली. रिझाल यांनी त्यांची भाषा शिकायला घेतली होती. गावातल्या स्मारकांवर मात्र त्यांचे नाव मला शोधूनही फारसे दिसले नाही. जुलैत सेंट जेम्सच्या सणाला इथे ‘किनाबायो’ नावाचा उत्सव होतो. त्यात स्पेनमधल्या ख्रिस्ती आणि मूर सैन्याच्या जुन्या लढाईचा देखावा करतात. हजारो मैलांवरची ती लढाई इथल्या माणसांची कधीच नव्हती, तरी देखाव्यात कोण जिंकणार आणि कोण हरणार हे आधीच ठरलेले असते. असे देखावे आपण आपल्याकडेही पाहिलेले आहेत.

आडनावांची यादी

मित्राच्या घरी पहिल्याच जेवणाला त्याच्या जावयाने मला आडनावाचा अर्थ विचारला. मी दचकलो. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे! पण त्याला खरोखर अर्थच हवा होता. तिथे आडनावावरून काहीच कळत नाही, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. १८४९ साली क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला की सर्वांनी कायमची आडनावे घ्यावीत, म्हणजे कर वसूल करायला सोपे जाईल. आडनावांची छापील यादी गावोगाव पाठवली. काही गावांना एकाच अक्षराची पाने मिळाली, त्यामुळे तिथे निम्म्या गावाची आडनावे आजही एकाच अक्षराने सुरू होतात. सरकारने कागदावरून वाटलेली नावे! खुद्द रिझाल यांच्या घराण्याचे नाव मर्काडो, म्हणजे बाजार. थोरल्या भावाचा सरकारला संशय होता, त्याची झळ धाकट्याला लागू नये म्हणून शाळेत घालताना ‘रिझाल’ हे नाव लावले.

म्हणजे तिथे भेद नाही असे कुणी समजू नये. जमीन कुणाची, कातडी किती गोरी, इंग्रजी किती येते, यावर माणसे जोखतात. गोरे करणाऱ्या साबणाच्या जाहिराती तिथेही जागोजागी आहेत.

भाषेची एक गंमत सांगतो. दापितानला बिसाया बोलतात. सकाळी ‘मायोंग बुंताग’, आभाराला ‘सलामत’. पण देशाच्या फिलिपिनो भाषेत शिक्षकाला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’ आणि मनातल्या सदसद्विवेकाला ‘बुधी’ म्हणतात. आपल्याच ‘बोधी’चा, बुद्धीचा हा शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मलायामार्गे तिथे पोहोचला. याच मिंदानाओच्या पूर्व भागात, आगुसान प्रांतात, १९१७ साली पुरानंतर नदीकाठी एका मनोबो आदिवासी बाईला सोन्याची पद्मासनातली मूर्ती सापडली. वजन जवळजवळ पावणेदोन किलो. काही अभ्यासक तिला बौद्धांची तारा मानतात, काहींचे मत वेगळे आहे. मूर्ती आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे, आणि ती परत मिळावी असे अनेक फिलिपिनो लोकांना वाटते.

आई परदेशी

भगिनींना स्वयंपाकाबद्दल उत्सुकता असेल. दोन्ही वेळा भात, कधी मक्याच्या कण्यांचा भात. खारवून वाळवलेल्या मासळीला ‘बुलाद’ म्हणतात. वास आला आणि मला बोंबील-सुकटीचे आपले घरच आठवले. ताजी मासळी नारळाच्या शिरक्यात, आले-कांदा घालून कच्चीच खातात, तिला ‘किनिलाव’ म्हणतात. आधी धीर होत नाही, नंतर दुसऱ्यांदा मागून घेतो. दिपोलोगची तेलातली बाटलीबंद तारली साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. तिखट मात्र नाही. मी सोबत नेलेली लसणाची चटणी पहिल्या दोन दिवसांतच घरातल्या तरुण मंडळींनी संपवली.

मित्राच्या घरात आठ वर्षांची नात होती. तिची आई सौदीत घरकामाला, बाप मनिलात बांधकामावर. १९७४ पासून फिलिपिन्स सरकारने माणसे परदेशी कामाला पाठवणे हे धोरणच केले, आणि आज कितीतरी घरांतले कुणी ना कुणी बाहेर आहे. घराच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे मोठे खोके होते, ‘बालिकबायन बॉक्स’. वर्षभर आई त्यात साबण, टॉवेल, चॉकलेट, बुटांचे जोड साठवते आणि बोटीने पाठवते. नातीचे बूट एक नंबर लहान निघाले होते. आईने गेल्या वर्षीचे माप धरले होते. ते बूट तिने कुणाला दिले नाहीत, कपाटावर ठेवले आहेत. रात्री व्हिडिओ कॉलवर आई विचारते, “बूट होतात ना?” आणि मुलगी “होतात” म्हणते. आजीला ती ‘लोला’ म्हणते. झोपताना लोलाचा हात उचलून कपाळाला लावते.

१ नोव्हेंबर

मी तिथे असतानाच १ नोव्हेंबर आला. मृतांच्या आठवणीचा दिवस, बिसाया भाषेत ‘कालाग-कालाग’. सारे गाव दफनभूमीत. कबरी धुतल्या, रंगवल्या, मेणबत्त्या लावल्या. तिथेच डबे उघडून जेवण, मुलांचे खेळ, म्हाताऱ्यांच्या गप्पा.

त्या गर्दीत मित्राने मला जोसेफिनची गोष्ट सांगितली. १८९५ साली हाँगकाँगहून एक आंधळा वृद्ध उपचारासाठी आला, त्याच्याबरोबर त्याची मानलेली मुलगी जोसेफिन ब्रॅकन. रिझाल आणि तिचे प्रेम जमले. लग्नासाठी चर्चमध्ये गेले, तर पाद्र्याने तीच जुनी अट घातली, आधी लिहिलेले मागे घ्या. रिझाल यांनी लिहिलेले मागे घेतले नाही आणि लग्नावाचून दोघे तालिसायच्या घरात राहिले. गावाने नावे ठेवली असणारच. त्यांचे मूल दिवस भरण्याआधीच जन्मले आणि काही तासांत गेले. बापाने ते तिथेच कुठेतरी पुरले. कुठे, ते आज कुणालाच ठाऊक नाही. ज्या देशात प्रत्येक गावात रिझालचा पुतळा आहे, तिथे त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या नावाची मेणबत्ती नेमकी कुठे लावावी हे सांगता येत नाही.

जून १८९६ मध्ये कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे डॉ. पिओ वालेन्सुएला दापितानला येऊन रिझाल यांना भेटले. संशय येऊ नये म्हणून सोबत एक आंधळा रोगी आणला होता. उठाव करावा काय? रिझाल म्हणाले, तयारी नाही, शस्त्रे नाहीत, लोक मरतील. ३१ जुलै १८९६ ला, चार वर्षे तेरा दिवसांनी, त्यांनी दापितान सोडले. क्यूबात पीतज्वराच्या साथीत डॉक्टर म्हणून जाण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. गाव किनाऱ्यावर जमले होते, मुले रडत होती. वाटेतच उठाव झाला, त्यांना पकडून परत आणले आणि ३० डिसेंबर १८९६ ला मनिलाच्या मैदानात गोळ्या घातल्या. वय ३५.

पुढे १९५६ साली (हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे) फिलिपिन्सने कायदा केला की प्रत्येक विद्यार्थ्याने रिझालचे चरित्र व दोन्ही कादंबऱ्या अभ्यासाव्यात. कॅथलिक धर्मगुरूंनी तेव्हाही जोरदार विरोध केला होता, लेखक जाऊन साठ वर्षे झाली होती तरी! कायदा झाला. मित्राची मोठी नात दिपोलोगला नर्सिंग शिकते. परीक्षेसाठी तिला ‘नोली’ वाचावी लागते. “कंटाळवाणी आहे का?” मी विचारले. “सुरुवातीला,” ती म्हणाली, “मग एका बाईची दोन मुले येतात, पाद्री त्यांच्यावर चोरीचा आळ घेतो. तिथून पुस्तक खाली ठेवले नाही.”

निघताना मित्राच्या बायकोने बुलादची चार पाकिटे वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. पुलाउआनच्या धक्क्यावर सकाळची बोट लागली होती. दुमागेतेपर्यंत चार-पाच तासांचा प्रवास. बोटीत तरुण बाया बऱ्याच होत्या, नव्या बॅगा घेतलेल्या. त्यातल्या एकीने मला विचारले, “दुबईत भारतीय मालक बरे असतात का?” मी तिला म्हटले, करारनामा वाचल्याशिवाय सही करू नकोस आणि पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. तिने मोबाईलमध्ये लिहून घेतले.